शनिवारी, सहकारनगर

पूर्वी शनिवारी इथे वाइन असायची,
हेअर स्पाच्या बिलातच धरलेली.
आता कुंदा आवळ्याचं सरबत देते
त्याच लांब दांड्याच्या ग्लासांत.
चांगले ग्लास फेकायचे कशाला?

"एवढंच?" कुणीतरी हसतं.
"एवढंच. आणि ब्राह्मीचं तेल, वीस मिनिटं.
तेवढा वेळ बोलायचं नाही."

तिसऱ्या खुर्चीतली बाई
ग्लास नाकाशी नेते, हुंगते,
मग पिते.
आरशात कुंदाला दिसतं.

कुंदाचे वडील धनकवडीत दाढ्या करायचे.
सकाळची गिऱ्हाइकं आधी त्यांचा हात बघायची,
मग बसायची,
नाहीतर उद्या येतो म्हणायची.

"एकोणचाळीस दिवस,"
बाई आपणहून म्हणते, अर्ध्या विंचरण्यात.

कुंदा तिची मान जरा पुढे वाकवते,
वस्तरा टेकवते.
"हलू नका हं."