कोट सांभाळणारी

पिट्सबर्ग, वायली अव्हेन्यू. गुरुवार, दुसरा सेट.
अर्नेस्टीनला तो कधी दिसत नाही.
पडद्यामागे, बर्फाने ओल्या कोटांच्या रांगेत
ती फक्त ऐकते.

कापडातलं कळतं तिला:
हा आवाज बाहेरून लोकर, आतून रेशीम,
बगलेत थोडा उसवलेला.

लूशियस टॅरंट शब्द लगेच देत नाही.
ड्रम पुढे निघून जातो, पियानो वळून बघतो,
आणि हा
उंबऱ्यावर जोडे काढत बसल्यासारखा
सावकाश
समेच्या जरा मागून आत येतो.

वरचा सूर आता लागत नाही त्याला.
तिथे नुसता श्वास ठेवतो.
लोक तो सूर ऐकूनच घरी जातात.

बिल्ला? ती विचारते.
गिऱ्हाईक सगळे खिसे चाचपतं.
सत्तेचाळीस नंबर
केव्हापासून त्याच्या मुठीत.