शॉट २१२

हाम्बुर्गच्या वेशीवर, शेनेफेल्डला, जमिनीखाली
रात्रपाळीचे सहा जण आणि एक पाहुणी.
टाल्के ड्रेस्डेनहून आली आहे,
मांडीवर स्टीलचा डबा, जेवणाचा असावा तसा.
आत सिलिकॉनच्या चाळीस चकत्या,
प्रत्येकीवर तिनं कोरलेल्या खाचा,
एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशा.

चाळीस चकत्या म्हणजे तिचे अकरा आठवडे.
आम्ही त्या तीन रात्रींत संपवतो.

रीत अशी : आधी लेझर.
तिळाहून बारीक जागा ताऱ्याच्या पोटासारखी तापते,
मग ती घन नाही, द्रव नाही,
वायू म्हणावं तर तोही नाही.
पापणी लवायला लागतो त्या वेळेचे
लाख कोटी तुकडे करायचे,
त्यातले दोन-तीन जाऊ द्यायचे
आणि सोडायचे क्ष-किरण.

ते वस्तूचं चित्र काढत नाहीत.
विखुरतात, पडद्यावर ठिपके टाकून जातात.
सगळा उलटा हिशोब :
जितकं बारीक, तितकं ते लांब जाऊन सांगतं.
मधला सरळ किरण आम्ही झाकून टाकतो.
कुणाला न भेटता गेलेल्याकडे
सांगण्यासारखं काही नसतं,
आणि डोळा मात्र तोच जाळतो.

खाचांच्या कडा विरघळू लागल्या
की आधी टोकाचे ठिपके विझतात, मग आतले.
त्यावरून फेलिक्टास म्हणते,
"इलेक्ट्रॉन एवढे सरकले, एवढ्या लवकर."
आम्ही माना डोलावतो.
टाल्के विचारते, "म्हणजे माझी चकती बरी होती ना?"
कुणालाच ठाऊक नसतं.
जिला विचारायचं ती जळून गेलेली असते.

तीन वाजून वीस मिनिटांनी, दोनशे बारावा शॉट.
लेझर आलाच नाही.
कुठलंसं झाकण उघडायचं राहिलं होतं.
हिनर्कनं आपल्या गावच्या बोलीत शिवी हासडली.
क्ष-किरण तेवढे वेळेवर आले :
ठिपके, ठिपके, ठिपके,
पडद्याच्या काठापर्यंत, एकही न विझलेला.

टाल्के उठली. चष्मा पुसत पडद्याशी गेली.
तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्याच्या बरोबर मध्ये
एक फिकट ठिपका होता.
आम्ही त्याला गोंगाट म्हणून सोडून दिलं असतं.

"हा मंगळवार," ती म्हणाली.
"त्या दिवशी आमच्या दाराशी रस्ता खणत होते.
एकाआड एक खाच जराशी हलली."

फेलिक्टासनं आकडेमोड केली. "चार नॅनोमीटर?"
"तीन," टाल्के म्हणाली.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंप तेवढे घरघरत होते.
वीस वर्षं ती जाळायला पाठवत आली,
आणि आज कुणी तिच्यासोबत
तिच्या खाचा नुसत्याच पाहत होतं.

"झाकण उघडलं," हिनर्क म्हणाला. "घ्यायचा?"

किरणानं तिथे टाचणीच्या टोकाएवढा डाग पाडला होताच.
"शेजारी सरका," ती म्हणाली,
"तिथे बुधवार आहे. तो सरळ आलाय."

ती खुर्चीत बसली, डबा मांडीवर घेतला.
आम्ही बुधवार जाळला.