जिना शिकवताना

सातपूरच्या आमच्या शाळेला एकच जिना.
सव्वीस पायऱ्या, अकराशे पोरं,
मधल्या सुट्टीची घंटा झाली
की वरून खाली दरड.

बावीस वर्षं मी त्या दरडीखाली उभा,
हातात लाल वही.
ढकललं – नाव. शिट्टी – नाव.
शर्ट बाहेर – नाव, आणि उद्या वडलांना घेऊन ये.
वडील यायचे रात्रपाळीची झोप मोडून,
अंगाला कूलंटचा वास,
आणि माझ्यासमोरच पोराच्या कानाखाली द्यायचे,
मला पावती दिल्यासारखी.

जूनमध्ये नव्या मुख्याध्यापिका आल्या, आहेर बाई.
म्हणाल्या, पहाडे सर, गुणाकार येत नसेल त्याला आपण काय करतो?
शिकवतो, मी म्हणालो.
आणि जिना उतरता येत नसेल त्याला?
मी वहीकडे पाहिलं.

मग आम्ही जिना शिकवला.
हसू नका.
मिसरूड फुटलेल्या नववीच्या पोरांना, भर तासाला, रिकाम्या जिन्यावर:
डावीकडून.
एक हात कठड्याला.
धक्का लागला तर थांबायचं, मागे बघायचं.
नुसती पाटी नाही रंगवली, उतरून दाखवलं
माझ्या या गुडघ्यांनी, एका दिवसात सहा वेळा.

लाल वही कपाटात गेली.
हातात आल्या पोपटी चिठ्ठ्या, रोज पाच लिहायच्या:
कुणी काय नीट केलं, नावासकट.
पहिल्या दिवशी एकही लिहिता येईना.
सडका मणी मला लांबूनही दिसायचा,
द्राक्षाचा घड दिसत नव्हता.

सुयोग निरभवणे, नववी ड.
लाल वहीत सतरा वेळा.
डिसेंबरात, हाताला खडू लागू नये अशा थंडीत,
पाचवीतल्या एकीच्या चपलेचा अंगठा तुटला मधल्या वळणावर,
आणि हा दोन्ही हात पसरून उभा राहिला.
मागे अख्खी दरड थांबली.
मी लिहिलं. त्याच्या हातात दिलं.
त्यानं वाचलंच नाही.
म्हणाला, सर, उद्या पप्पांना आणू की परवा?

सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही.
शनिवारी त्यानंच प्रयोगशाळेची काच फोडली.
बसलो दोघं, काच कोण भरणार ते ठरवलं,
तासभर गेला. वहीत दोन ओळी लागल्या असत्या.

सोमवारी कंपनीचा भोंगा झाल्यावर
त्याचे वडील आले तरीही,
कुणी न बोलावता, चिठ्ठीची चार घडी करून.
सही कुठं करायची, म्हणाले.
मी वाचून दाखवली.
परत वाचा, म्हणाले.
सवयीनं हात उचलला गेला होता,
आता तो कुठं ठेवावा ते कळेना.
मग त्यांनी तो कठड्यावर ठेवला
आणि उतरले,
पोरगं पुढे, आपण मागे,
डावीकडून.