पोह्यांच्या डब्यात

शनिवारी सकाळी फोन बंद केला
आणि जाड पोह्यांच्या डब्यात
पार तळाशी खुपसला.
झाकण लावलं. वर कुकर ठेवला.
हेरंबने विचारलं, भिजला का?
म्हटलं, फोन नाही रे, मी.

आठवडाभर मी माणसं आतून पाहते.
फुप्फुसं, खुबे,
एका पोराच्या पोटातलं वीस पेन्सचं नाणं,
अंधाऱ्या खोलीत, करड्या पडद्यावर.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
दिवसातून साठ वेळा सांगते लोकांना,
आणि घरी येऊन दुसऱ्या पडद्यापुढे
स्वतःचा तेवढा धरून बसते.
सोडा म्हणणारं तिथे कुणी नसतं.

मोर्कमचा समुद्र सकाळी घरी नव्हता.
मैलभर नुसता चिखल, चकाकणारा,
पलीकडे डोंगरांची रांग, अर्धी पुसलेली.
पाच वर्षं याच रस्त्याने बस पकडते
आणि डोंगर आहेत हे मला
कॅलेंडरवरून माहीत.

हात मात्र खिशाकडे जातच होता.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा,
जातो, चाचपतो, ओशाळून परत येतो.
एकदा तर मांडीवर थरथर झाली,
स्पष्ट, दोन वेळा.
खिशात रुमाल होता.

चिखलात पक्षी टोचे मारत होते,
काळे-पांढरे, चोच लालभडक.
नाव शोधायला हात निघाला, अर्ध्यावर थांबला.
मग मीच ठेवलं: गाजरचोच्या.
तेवीस गाजरचोच्ये.
मोजायला किती वेळ लागला
ते सांगता येत नाही, घड्याळही फोनमध्येच.

बाकावर एक म्हातारे होते, केनेथ नावाचे,
शेजारी ओली कुत्री.
किती वाजले विचारलं तर
त्यांनी मनगट नाही, समुद्र पाहिला.
पाणी वळलंय, म्हणजे अकरा होऊन गेले.
मला तर काहीच वळलेलं दिसेना.
बघत राहा, म्हणाले. बघत राहिले.
आधी चिखलाचा रंग बदलला,
मग एका घळीत रेघ हलली,
आणि मग ते आलंच, आवाज न करता,
उशिरा आलेला माणूस चपला हातात घेऊन येतो तसं.

केनेथ पूर्वी कोळंबीला जायचे. ट्रॅक्टरवरून.
समुद्रात ट्रॅक्टर!
वाक्य तयार झालं, वृंदाला पाठवायचं,
पुढे दोन हसरे चेहरे लावून,
आणि तोंडातच राहिलं, सुपारीसारखं.
दुपारभर गालात घोळवलं.
एवढी चव असते एका वाक्याला?

सगळंच काही छान नव्हतं.
तीनच्या सुमाराला भयंकर कंटाळा आला,
लहानपणीचा, मे महिन्यातला,
फरशीवर पालथं पडून
मुंगीच्या वाटेत बोट ठेवायचा तो कंटाळा.
मला वाटलं होतं तो कधीच वारला.
मग वाटलं, बाबांना काही झालं असेल तर?
जिना धावत चढले, कुकर खाली काढला,
झाकणावर हात ठेवून उभी राहिले.
हेरंबच्या फोनवर बाबांना लावला.
ते म्हणाले, झोपू दे गं, किती वाजलेत इथे.

रात्री डबा उघडला.
एकसष्ट मेसेज.
वृंदाचे दोन: सकाळी,
ताई, मेतकुटात डाळं किती?
संध्याकाळी, राहू दे, झालं.
चार्जिंगच्या भोकात एक पोहा अडकला होता,
सेफ्टीपिनने काढला.
हेरंब म्हणाला, वाळला का?
म्हटलं, दमट आहे अजून.

रविवारी त्याच पोह्यांना फोडणी दिली.
हेरंब खाता खाता फोनमध्ये कुणाचं तरी
स्वयंपाकघर बघत होता.
मी त्याच्या कानामागचा
एक पांढरा केस बघत होते.
कधी आला, कोण जाणे.
चांगला बोटभर लांब होता.