काळ्यावर काळा

कोचीहून कुरियनबाईंचं पत्र आलं,
आत एका माशाचा फोटो.
भिंतीवर टांगायला विणून हवा होता,
साडेतीन फूट बाय पाच.
मागे काळोख. मासाही काळाच.
तोंडापुढे तेवढा एक दिवा, त्याचा स्वतःचा.
राहतो दोन हजार मीटर खाली.

नायनांनी चष्मा कपाळावर सरकवला.
मीटर म्हणजे आमच्या घरात कापड.
"दोन हजार मीटर," ते म्हणाले, "म्हणजे
आपलं दोन-तीन वर्षांचं विणलेलं सगळं
पाणी करून त्याच्या डोक्यावर रचलंय."
साखर पेठेत तेव्हा
नळाला पाणी नव्हतं, पाचवा दिवस.

काळ्यावर काळा दिसणार कसा?
येमूल म्हणाला, करडी कड काढा.
नायना काही बोलले नाहीत.
जेवताना भाताच्या शितांवर बोट फिरवत राहिले,
आडवं, उभं.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली.
गल्लीतले यंत्रमाग एकदम मुके.
नायना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले,
गुडघ्यापर्यंत गार अंधारात.
तिथूनच म्हणाले, "सापडला."

पाण्यात ताणा वर,
माशाच्या अंगात बाणा वर.
सूत एकच, रंगाचं पातेलंही एकच.
समोर उभं राहिलात तर नुसतं काळं कापड.
दारातून जाता जाता तिरकं बघा,
मासा कूस बदलतो.
दिव्याला अम्माच्या जुन्या काठातले
अकरा पिवळे धागे.

फोटोमागे बारीक अक्षरं होती, मी वाचून दाखवली:
ही मादी. नर बोटाएवढा.
अंधारात ती सापडली की चावून धरतो,
मग सुटत नाही.
डोळे झडतात त्याचे, पोट झडतं,
तिचंच रक्त त्याच्यात फिरू लागतं.

अम्माचा रहाट थांबला.
चाळीस वर्षं ती कांड्या भरते, नायना विणतात.
"माझी कांडी संपली की ह्यांचा धोटा बसतो,
तसंच की," ती म्हणाली,
आणि रहाट पुन्हा फिरवला.

नायनांनी नर विणला नाही.
पोटाखाली, उलट्या बाजूला,
तुटल्या धाग्याची एक गाठ राहू दिली.
एरवी गाठ दिसली की त्यांची कात्री आधी धावते.

महिन्याने पैसे आले, सोबत चिठ्ठी:
काम सुंदर. मागे एक गाठ राहिलीय,
कापून टाकू का?

नको, असं कळवलं मी.
कारण लिहिलं नाही.