दोन रुपयांचा वाघ

हिशेब आधी सांगते.
नागभीड–चिमूर, सकाळची पावणेसातची फेरी,
बाईमाणसाचं अर्धं तिकीट बावीस रुपये.
तिनं वीसची दिली, आणि लुगड्याच्या गाठीतून
चौघडी केलेली आणखी एक नोट,
कानाच्या पाळीइतकी मऊ.

"ही नाही चालत" म्हणणारच होते.
दिवसातून तीसदा वापरून
गुळगुळीत झालेलं वाक्य आहे ते:
फाटकी नाही चालत, चिकटपट्टीची नाही चालत,
दहाचं नाणं मात्र घ्यावंच लागेल.
पण उलगडून बघितली
तर आतून वाघ निघाला.

विटकरी, झिजलेला,
घडी नेमकी पाठीवरून गेलेली.
बाजूला भाषांची उतरंड,
तिच्यात मी आपली ओळ शोधली: दोन रुपये.
एवढ्यात आता गोळ्यासुद्धा मोजूनच मिळतात.
नोटेला मोहाचा वास होता.

गेडाम ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला,
"नंबर पाहा म्याडम, सातशे शहाऐंशी आहे का?
नागपुरात सीताबर्डीवर बसते एक जण,
अशा नोटा घेते."
नव्हता. मग घडी दाखवली त्याला.
"घडी पडली म्हंजे भाव पडला,"
असं म्हणून त्यानं गिअर टाकला.

तरी मी स्वतःचं दोनाचं नाणं पिशवीत टाकलं
आणि वाघ ओळखपत्रामागे सरकवला.
ही चोरी नव्हे. हिशेब बरोबर होता.
पण तीन दिवस टोचत राहिला,
चप्पल घालूनही टोचतो ना काटा, तसा.

चौथ्या दिवशी ती पुन्हा चढली डोंगरगाव फाट्यावर,
मोहफुलांची टोपली, तिच्यावर ओलं फडकं.
सयत्राबाई मडावी, नाव त्या दिवशी विचारलं.
म्हटलं, मावशी, तुमची ती जुनी नोट
शंभर-दीडशेला जाईल कदाचित, परत घ्या.
तिनं हातही पुढे केला नाही.
"त्याच्या डब्यात होती. लहानपणापासून ठेवली होती त्यानं.
राहू दे माय तुझ्याजवळ.
घरात नाही पायजे तो."

नोट म्हणजे ती.
तिकीट ते, पैसा तो, नोट ती.
तिनं "तो" म्हटलं
आणि टोपलीवरचं फडकं नीट केलं,
जे आधीच नीट होतं.
या पट्ट्यातली माणसं नाव घेत नाहीत त्याचं,
निदान मोह वेचायच्या दिवसांत तरी.
मी त्या दिवशी पुढचं काही विचारलं नाही.
मशीननं बावीसचं तिकीट काढलं, तिनं फाडून घेतलं,
या वेळी अकरा नाणी, सगळी दोनाची,
मुठीत तापलेली.

शनिवारी तपासणी पथक चढलं.
रोकड जुळली, तिकिटं जुळली.
"खासगी रक्कम?"
सकाळी लिहून दिली होती चौऱ्याऐंशी.
खिशात निघाले ब्याऐंशी.
साहेबांनी भुवई वर केली.
मग मी ओळखपत्रामागून काढून दिली.

त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली,
उलटी केली, सुलटी केली,
वयानं माझ्यापेक्षा मोठी असावी म्हणाले.
वाघाच्या पोटातून
बाहेरचं सागाचं जंगल दिसत होतं,
पानं झडलेलं, रस्त्यापर्यंत आलेलं.

"चालते का हो अजून ही?"

गाडी डोंगरगाव फाट्यावर थांबलेली.
गेडामनं दोनदा हॉर्न दिला.
पायवाटेवर कोणी नव्हतं,
मोहाखालची राख तेवढी काळी.

चालतो, साहेब,
म्हणाले मी.