छेदाबाहेर

याकिमा. बालवर्गाच्या एक्केचाळीस फायली.
मिसेस हॅगर्टी बोटाला थुंकी लावून पानं उलटतात,
मी गोवराचे दोन डोस शोधतो.

अडतीस सापडले.
एकाचं कार्ड कुत्र्यानं चावलं म्हणे.
एकावर नुसतंच "नको", ठसठशीत निळ्या शाईत.
एल्मरचं आलंच नाही;
फोनवर त्याची आई, मागे सफरचंदांचा पट्टा घरघरत,
"दिलं असेल हो. रात्रभर रडला होता, एवढं आठवतं."

रडण्याला रकाना नाही.
मी "अज्ञात" लिहितो.

अंश अडतीस, छेद एक्केचाळीस.
ब्याण्णव पूर्णांक सात दशांश टक्के.

बाहेर कुंपणाला लटकलेली एक मुलगी,
घरीच शिकते, कुठल्याच यादीत नाही.
"आत किती जण आहेत?"
"एक्केचाळीस," म्हणालो,
आणि आकडा तोंडातल्या तोंडातच चुकला.